डाग निघतो, पण जातो कुठे?

आम्लाची कार्बोनेटवर होणारी क्रिया आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो. क्षार, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ही तीन उत्तरे मुलांकडून पाठ करून घेतो. जमले तर चुनखडीच्या तुकड्यावर आम्लाचे दोन थेंब टाकून बुडबुडेही दाखवतो. हीच क्रिया जगभरच्या न्हाणीघरांत रोज होत असते. बाथटबात नळाखाली पिवळट-पांढरा थर धरतो. तो साबणाने जात नाही, घासूनही जात नाही. मग कोणीतरी बाटलीतले ॲसिड ओतते, फस्स असा आवाज येतो आणि डाग निघून जातो.

आपल्याकडे बाथटब थोड्यांच्याच घरी असतो. पण हा डाग आपल्या ओळखीचा आहे. पाणी तापवायच्या बंबात आतून धरणारा थर, बादलीच्या काठावरचे पांढरे वलय, मोरीच्या फरशीवरचे चट्टे ही सगळी त्याचीच भावंडे. तेव्हा टबाचे निमित्त करून आपण दोन प्रश्न विचारू. डाग निघून जातो म्हणजे कुठे जातो? आणि ज्या ॲसिडने तो जातो, ते आपल्या घरापर्यंत आले कसे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात आहे, दुसऱ्याचे इतिहासात. पुढे गेल्यावर दिसेल की दोन्ही उत्तरे एकच गोष्ट सांगतात.

डागांच्या जाती

सगळेच हट्टी डाग सारखे नसतात. पांढरा थर हा खरे तर दगड आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जमिनीत मुरते. अशा किंचित आम्लधर्मी पाण्यात खडकांतले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळते. यासाठी चुनखडीचाच प्रदेश लागतो असे नाही. महाराष्ट्राच्या काळ्या बेसाल्टची झीज होतानाही हे दोन्ही धातू पाण्यात उतरतात. म्हणून विहिरीचे आणि बोअरचे पाणी अनेक ठिकाणी दुष्फेन असते. हे पाणी तापले किंवा टबाच्या कडेला वाळले, की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. गुहेत लवणस्तंभ तयार होतात तेही असेच. फरक काय तो काळाचा.

दुसरा डाग साबणाचा. चरबी आणि तेले ही मेदाम्ले व ग्लिसरीन यांपासून बनलेली असतात, हे फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल याने आपल्या १८२३ च्या ग्रंथात दाखवून दिले. साबण म्हणजे याच मेदाम्लांचा सोडियमबरोबरचा क्षार. दुष्फेन पाण्यात सोडियमची जागा कॅल्शियम घेते आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. टबाभोवती पाण्याच्या पातळीवर जे राखाडी कडे दिसते ते हेच. पाण्याच्या या गुणाचा उपयोग ॲबर्डीनचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी पाण्याची परीक्षा करायला केला: ठरावीक पाण्याला फेस यायला साबणाचे किती द्रावण लागते ते मोजायचे. पाण्यात चुना मिसळून ते सुफेन करण्याच्या रीतीचे पेटंट त्यांनी १८४१ मध्ये घेतले. चुन्यानेच चुना काढायचा, ही युक्ती वर्गात कोडे म्हणून घालण्याजोगी आहे.

तिसरा डाग तांबूस, लोखंडाच्या गंजाचा. जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेले लोह हवा लागताच ऑक्सिडीभूत होते आणि खाली बसते. चौथा काळपट, बुरशीचा. हा सजीवांचा डाग.

या वर्गीकरणाचा व्यवहारात उपयोग आहे. गंजावर ब्लीच टाकले तर डाग जात नाही, उलट पक्का होतो. कारण ब्लीच स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. बुरशीवर ब्लीच चालते. पांढऱ्या थराला आम्ल लागते. डाग हट्टी आहे असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा आपण त्याला चुकीचे औषध दिलेले असते.

काचेची अंघोळ

पूर्वीचे टब तांब्याचे, जस्ताचे किंवा रंग दिलेल्या पत्र्याचे असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओतीव लोखंडावर काचेचा मुलामा चढवलेले टब आले. काचेची बारीक पूड तापलेल्या लोखंडावर पसरून ती वितळवायची, की थंड झाल्यावर तिचा गुळगुळीत थर धातूला चिकटून बसतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात जॉन मायकेल कोहलर यांनी १८८३ मध्ये जनावरांसाठी बनवलेल्या लोखंडी कुंडाला असा मुलामा देऊन ते टब म्हणून विकले, असे त्यांचीच कंपनी सांगते. डेट्रॉइटच्या डेव्हिड ब्युइक यांनीही टबांना मुलामा देण्याची रीत सुधारली. पुढे ते मोटारींकडे वळले आणि त्यांचे नाव मोटारीवरच राहिले.

म्हणजे टबात आपण काचेवर बसतो. काच बहुतेक आम्लांना दाद देत नाही, पण ओरखड्यांना देते. राखेने आणि वाळूने पितळेचे घंगाळ घासणे ठीक. काचेच्या मुलाम्यावर तसे केले तर बारीक चरे पडतात, आणि पुढचा डाग त्या चऱ्यांत अधिक घट्ट बसतो. घासण्याऐवजी विरघळवण्याकडे कल वाढला, त्याचे एक कारण हे असावे. विरघळवायला द्रव हवा, आणि तो स्वस्तही हवा.

औषधाच्या दुकानातला संशोधक

डाग काढणाऱ्या पदार्थांची यादी केली, तर अठराव्या शतकातल्या एकाच माणसाचे नाव वारंवार भेटते. कार्ल विल्हेल्म शेले (१७४२-१७८६) हा औषधांच्या दुकानांत काम करणारा रसायनज्ञ. त्याची बहुतेक हयात स्वीडनमध्ये गेली. दारूच्या पिंपांत जमणाऱ्या खड्यांपासून त्याने टार्टारिक आम्ल वेगळे केले. आपल्या चिंचेत हेच असते. तांब्या-पितळेची भांडी चिंचेच्या कोळाने लख्ख होतात ती त्याच्यामुळे. १७७६ मध्ये साखरेवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून त्याने ऑक्झॅलिक आम्ल मिळवले. गंजाचा डाग काढायला ते आजही वापरतात. १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून त्याने सायट्रिक आम्लाचे स्फटिक काढले. फ्लोरस्पार या खनिजापासून मिळणारे, काचेलाही खाणारे हायड्रोफ्लुओरिक आम्ल त्यानेच अभ्यासले. काचेच्या मुलाम्याचा हा खरा शत्रू, आणि माणसाच्या हाडांचाही.

१७७४ मध्ये त्याने मँगेनीजचे काळे खनिज म्युरिअ‍ॅटिक आम्लात, म्हणजे आपल्या हायड्रोक्लोरिक आम्लात तापवले. गुदमरवणारा, हिरवट-पिवळा वायू निघाला. त्या वायूत फुले आणि हिरवी पाने रंग गमावतात, हेही त्याने नोंदवले. हा वायू मूलद्रव्य आहे हे ओळखून त्याला क्लोरीन हे नाव हम्फ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये दिले. शेलेचा हा प्रयोग लक्षात ठेवू. शेवटी तो आपल्याला न्हाणीघरातच भेटणार आहे.

नको असलेले आम्ल

शेलेच्या काळी आम्ले तोळ्या-माशाने मिळत. ती टनाने मिळू लागली ती सोड्यामुळे. साबण, काच आणि कापड या तिन्ही धंद्यांना सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, भरपूर लागे. तो समुद्री वनस्पतींची राख करून मिळवत, आणि ती पुरत नसे. मिठापासून सोडा करण्याची रीत शोधणाऱ्यास फ्रान्समध्ये बक्षीस जाहीर झाले होते. निकोला लब्लाँ याने ती शोधली आणि १७९१ मध्ये पेटंट घेतले. पण क्रांतीच्या धामधुमीत त्याचा कारखाना जप्त झाला, बक्षीस मिळालेच नाही, आणि १८०६ मध्ये त्याने आत्महत्या केली.

त्याची रीत मात्र इंग्लंडात फोफावली. तिच्यात दोन पायऱ्या होत्या. पहिलीत मिठावर गंधकाम्लाची क्रिया करायची. दुसरीत तयार झालेले सोडियम सल्फेट चुनखडी आणि कोळशाबरोबर भाजायचे. हिशेब मांडून पाहू. ११७ किलो मीठ आणि ९८ किलो गंधकाम्ल घेतले, तर १४२ किलो सोडियम सल्फेट आणि ७३ किलो हायड्रोजन क्लोराइड वायू मिळतो. त्या १४२ किलोंपासून शेवटी १०६ किलो सोडा हाती येतो आणि ७२ किलो कॅल्शियम सल्फाइड उरते. प्रत्यक्षात आकडे थोडे वेगळे पडत, पण प्रमाण हेच. जेवढा सोडा विकायचा, त्याच्या दोन-तृतीयांशाहून अधिक वजनाचा आम्लवायू आणि जवळजवळ तेवढाच घन कचरा कुठेतरी टाकायचा!

जेम्स मस्प्रॅट यांनी १८२३ मध्ये लिव्हरपूलला असा कारखाना काढला. वायू सरळ धुराड्यातून हवेत जाई. आसपासची झाडे जळाली, पिके गेली, घरांतले धातूचे सामान गंजले. खटले झाले. धुराडी उंच करून पाहिली; त्याने वायू थांबला नाही, अधिक दूरच्या शेतांवर जाऊन पडला.

वायू पाण्यात पकडता येईल हे रसायनज्ञांना माहीत होते. हायड्रोजन क्लोराइडची विद्राव्यता दाखवायला आपण फवाऱ्याचा प्रयोग करतो, तेच तत्त्व. १८३६ मध्ये विल्यम गॉसेज यांनी पडक्या पवनचक्कीत झाडांच्या फांद्या भरल्या, वरून पाणी सोडले आणि खालून वायू. वायू पाण्यात विरघळला. पण मग पाण्याचे आम्ल झाले, आणि त्याला गिऱ्हाईक नव्हते. ते ओढ्यांत सोडून दिले जाई. सेंट हेलेन्सजवळच्या सँकी ओढ्यात हे आम्ल आणि कॅल्शियम सल्फाइडच्या ढिगांतून झिरपणारे पाणी एकत्र आले, की हायड्रोजन सल्फाइड निघे. सडक्या अंड्यांची दुर्गंधी साऱ्या परिसरात भरून राही. हवेतला डाग पुसला होता. तो पाण्यात उमटला.

लॉर्ड डर्बी यांच्या पुढाकाराने उमरावांच्या सभागृहाची चौकशी समिती १८६२ मध्ये बसली आणि १८६३ मध्ये अल्कली कायदा झाला. निदान ९५ टक्के हायड्रोजन क्लोराइड पकडलाच पाहिजे, असे बंधन कारखान्यांवर आले. पहिले निरीक्षक होते रॉबर्ट अँगस स्मिथ. मँचेस्टरच्या पावसातले आम्ल मोजणारा हा रसायनज्ञ. प्रदूषणाला आकड्यांत पकडून कायदा करण्याचा हा जगातला अगदी सुरुवातीचा प्रयत्न. त्या कायद्यालाही एक मर्यादा होती: तो हवेपुरता होता आणि एकाच वायूपुरता होता. ओढ्याचे काय, ढिगांचे काय, याची उत्तरे नंतर शोधावी लागली.

कचऱ्याचे सोने, आणि त्याची किंमत

आता कारखानदारांकडे आम्लाचे तळे साचले. ते विकायचे तर त्याचे काहीतरी करायला हवे होते. शेलेचा वायू इथे कामी आला. क्लोरीनने कापड पांढरे होते हे बर्थोले यांनी १७८५ मध्ये दाखवले होते. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये कोरड्या चुन्यात क्लोरीन शोषून घेऊन विरंजक चूर्ण, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, करण्याचे पेटंट घेतले. १८६० च्या दशकात वेल्डन आणि डीकन यांनी आम्लापासून क्लोरीन स्वस्तात काढण्याच्या रीती बसवल्या. जे आम्ल ओढ्यात जात होते, त्याची पावडर होऊन पिंपांतून जगभर जाऊ लागली.

या पावडरीने केलेले भले मोठे आहे. लिव्हरपूलमध्ये १८३२ साली कॉलऱ्याची साथ आली. किटी विल्किन्सन या गरीब वस्तीतल्या बाईंच्या घरी पाणी उकळायची भट्टी होती. त्यांनी ती शेजाऱ्यांना खुली केली आणि रोग्यांचे कपडे व अंथरुणे ब्लीचिंग पावडर घालून धुण्याची व्यवस्था लावली. रोगाचे जंतू तेव्हा कोणी पाहिलेले नव्हते. दहा वर्षांनी, १८४२ मध्ये, त्याच शहरात फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक न्हाणीघर आणि धुणीघर उघडले. पुढे त्याच्या देखरेखीचे काम विल्किन्सन दांपत्याकडेच आले. १८४६ मध्ये अशा न्हाणीघरांसाठी इंग्लंडात कायदाही झाला. गरिबाला टबात अंघोळ मिळू लागली ती अशा वाटेने.

पण पावडर भरणाऱ्यांची अवस्था पाहायला हवी. विडनेस आणि सेंट हेलेन्सच्या कारखान्यांत हे कामगार क्लोरीनने भरलेल्या खोल्यांत फावडी घेऊन उतरत. तोंडावर फलालीच्या जाड पट्ट्या बांधत आणि त्यांतून श्वास घेत. मिठाच्या भट्टीवर काम करणाऱ्यांचे दात आम्लाच्या वाफेने झिजून जात. रॉबर्ट शेरार्ड या पत्रकाराने १८९७ च्या आपल्या पुस्तकात या कामगारांचे हाल लिहिले. कायद्याने शेतांचे रक्षण केले होते. भिंतीच्या आत मात्र ९५ टक्क्यांचा नियम नव्हता.

आपल्या घरातली बाटली

लब्लाँची रीत विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात संपली. बेल्जियमच्या सॉल्वे यांची रीत स्वस्त पडली, आणि क्लोरीन मिठाच्या पाण्याच्या विद्युत विघटनाने मिळू लागला. हायड्रोक्लोरिक आम्लाचे नशीब मात्र बदलले नाही. प्लॅस्टिक, औषधे, शीतक असे क्लोरीनयुक्त कार्बनी पदार्थ करताना ते आजही उपउत्पादन म्हणून पडते. म्हणूनच ते इतके स्वस्त आहे, आणि म्हणूनच फिनेलवाल्याच्या सायकलवर त्याची बाटली लटकते.

त्या बाटलीशेजारी बहुतेक घरांत ब्लीचचीही बाटली असते. एकाने डाग गेला नाही म्हणून दुसरी ओतली, की शेलेचा १७७४ चा वायू बंद न्हाणीघरात पुन्हा तयार होतो. ज्या क्रियेसाठी विडनेसला कारखाने उभारले, ती क्रिया दीड मीटर रुंदीच्या खोलीत, खिडकी लावून, ओणवे बसून आपण करतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ रणांगणावर सोडला गेला तोही हाच वायू. आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र करू नयेत, हे वाक्य प्रत्येक मुलाने घरी नेले पाहिजे. घरोघरी आणि संडासांत सफाई करणाऱ्यांच्या हाती या बाटल्या सर्वांत जास्त असतात. त्यांच्यापर्यंतही ते पोचले पाहिजे.

स्वस्त आम्लाची आणखी एक किंमत आपल्या देशाने पाहिली आहे. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या एका तरुणीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले: १८ वर्षांखालील कोणालाही विकू नये, ओळखपत्र पाहावे, खरेदीचे कारण नोंदवहीत लिहावे. सँकी ओढ्यात ओतण्याइतके जे फुकट होते, त्याची नोंद ठेवण्याची गरज अशी पटावी लागली.

हिशेब वर्गात

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. टबातला १०० ग्रॅम पांढरा थर काढायला ७३ ग्रॅम हायड्रोक्लोरिक आम्ल लागते. १११ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि १८ ग्रॅम पाणी मोरीत जाते, ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत. बेरीज दोन्ही बाजूंना १७३. काहीही नाहीसे झाले नाही. लब्लाँच्या कारखान्याचा हिशेबही असाच जुळतो. तो जुळतो म्हणूनच तिथला कचरा कुठेतरी उरायलाच हवा होता.

हे मुलांना दाखवायला ॲसिडची गरज नाही. एक लिटरची सोडावॉटरची प्लास्टिकची बाटली घ्यावी. तीत थोडे व्हिनेगर घालावे. अंड्याच्या कवचाचा अर्धा चमचा चुरा कागदाच्या पुडीत बांधावा. बाटली, झाकण आणि पुडी यांचे एकत्र वजन करावे. तराजू दशांश ग्रॅम दाखवणारा हवा. पुडी आत टाकून झाकण घट्ट लावावे आणि काही तास थांबावे. वजन तेच भरते. मग झाकण उघडून सगळे पुन्हा तोलावे, वजन घटते. चुरा अर्ध्या चमच्याहून जास्त घेऊ नये, नाहीतर आत दाब वाढेल. बाटलीला फुगाही लावू नये. फुगलेल्या फुग्याला भोवतालची हवा वर उचलते, त्यामुळे वायू बाहेर न जाताही वजन कमी दिसते आणि मुले भलताच निष्कर्ष काढतात.

घरच्या डागालाही हीच नरम आम्ले पुरतात. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर फडक्यात भिजवून ते फडके थरावर रात्रभर ठेवावे. ॲसिडला जे मिनिटात जमते त्याला इथे काही तास लागतात, पण नळाचा मुलामा आणि आपली फुप्फुसे शाबूत राहतात. संगमरवर किंवा मोझॅकच्या लादीवर मात्र हेही नको. ती लादी आणि तो डाग यांचे रसायन एकच आहे.

सर्वांत स्वस्त उपाय त्याहून साधा आहे. पांढरा डाग म्हणजे वाळलेल्या पाण्याने मागे ठेवलेला दगड. अंघोळ झाल्यावर टब किंवा फरशी कोरड्या फडक्याने पुसली, तर दगड धरायला पाणीच उरत नाही. वर्गात हे सांगितल्यावर एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी विचारेलच: मग तो क्षार त्या फडक्यात गेला ना? आणि फडके धुतले की कुठे गेला? त्या मुलांना पुढचा हिशेब करायला सांगावा.